सबळ युक्तिवाद, दुबळा युक्तिवाद: गोव्यातल्या प्रश्नांवरून शिकताना

तर्कशक्तीच्या पेपरात 'विधान आणि युक्तिवाद' हा प्रश्नप्रकार दिसायला सगळ्यांत सोपा. आकडेमोड नाही, आकृत्या नाहीत, नातेसंबंधांची कोडी नाहीत. एक विधान असते: 'सरकारने अमुक करावे का?' त्याखाली दोन युक्तिवाद, बहुधा एक 'होय'ने सुरू होणारा आणि एक 'नाही'ने. कोणता सबळ आणि कोणता दुबळा, एवढेच सांगायचे. तरीही कर्मचारी निवड आयोगाच्या, बँकांच्या किंवा केंद्राच्या परीक्षांना बसणारी आपली हुशार मुलेसुद्धा इथे गुण घालवतात.

याचे कारण असे की विधाने सार्वजनिक धोरणांवरची असतात आणि धोरणांवर आपले मत आधीच ठरलेले असते. पेडण्यातल्या मुलीला विमानतळाबद्दल विचारा, डिचोलीतल्या मुलाला खाणींबद्दल विचारा, सत्तरीत म्हादई नदीचे नाव काढा. प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर तयार असते. हा प्रश्नप्रकार मात्र तुमचे मत विचारतच नाही. समोर मांडलेले कारण त्या विधानाला पुरेसे आहे का, इतकेच तो विचारतो. ही दोन कामे वेगळी ठेवता आली की निम्मी तयारी झाली असे समजा.

खालची उदाहरणे मुद्दाम गोव्यातली घेतली आहेत. जिथे आपले मन गुंतलेले असते तिथे पारख जमली, की परीक्षेतली अनोळखी विधाने जड जात नाहीत. सरावाची विधाने मी रचली आहेत, त्यांमागच्या घडामोडी खऱ्या आहेत.

पहिली पायरी: विधान नेमके काय विचारते ते पकडा

युक्तिवादाकडे वळण्याआधी विधानातल्या तीन गोष्टींची नोंद करा: काय करायचे आहे, कुठे किंवा कोणासाठी, आणि किती प्रमाणात. 'सर्व', 'पूर्णपणे', 'कायमचे', 'ताबडतोब', 'केवळ' हे शब्द दिसले की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. संगणकावरची परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर तो शब्द लिहून घ्या.

मासेमारीबंदीचे उदाहरण घेऊ. गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. समजा विधान आहे: 'गोव्यात ही बंदी ६१ दिवसांवरून ९० दिवसांवर न्यावी का?'

'होय, पावसाळ्यात मासळीची वीण होते, म्हणून त्या काळात मासेमारी थांबवणे गरजेचे आहे.' वाचताना पटते. पण हे कारण बंदी का असावी ते सांगते. बंदी आजही आहेच. ती आणखी महिनाभर का वाढवावी, याबद्दल त्यात अक्षर नाही. म्हणून दुबळा.

'होय, काही जातींची वीण जुलै संपल्यावरही चालू राहते आणि सध्याच्या मुदतीत त्यांना संरक्षण मिळत नाही.' हा वाढीव दिवसांना थेट भिडतो. सबळ.

'नाही, ट्रॉलरवरच्या खलाशांची आणखी महिनाभराची मजुरी बुडेल.' हाही सबळ. परिणाम खरा आहे, मोठा आहे आणि थेट त्या वाढीव दिवसांतूनच येतो.

'नाही, गोंयकाराला जेवणात नुस्ते (मासळी) लागतेच.' हे खरेच आहे! पण ही आवड झाली. आवडीने धोरण ठरत नाही, दुबळा.

दुसरी पायरी: 'कारण' घालून वाक्य वाचा

विधान, मग 'कारण', मग युक्तिवाद असे एक सलग वाक्य मनात म्हणा. वाक्य मध्येच तुटले तर युक्तिवाद विधानापर्यंत पोचत नाही. मी सगळ्यात जास्त भर याच सवयीवर देतो.

मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर हे करून पाहा. विधान: 'मांडवी नदीतली कॅसिनो जहाजे दुसऱ्या ठिकाणी हलवावीत का?'

'जहाजे दुसरीकडे हलवावीत, कारण जुगाराने संसार उद्ध्वस्त होतात.' दुसरीकडे हलवली म्हणून जुगार थांबणार आहे का? हा मुद्दा 'कॅसिनो बंद करावेत का' या विधानाखाली सबळ ठरला असता, इथे तो चुकीच्या दारात उभा आहे.

'जहाजे हलवू नयेत, कारण सरकारला त्यांच्याकडून महसूल मिळतो.' जागा बदलली म्हणून परवाना शुल्क बुडत नाही. हाही तुटला.

गंमत अशी की पणजीत या विषयावर वाद निघाला की हेच दोन मुद्दे सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येतात, आणि 'हलवावीत का' या विधानाला दोन्ही लागू पडत नाहीत. त्याऐवजी 'होय, जहाजांवर जाणाऱ्यांच्या गाड्यांमुळे पणजीच्या काठावरचा रस्ता संध्याकाळी तुंबतो' हा सबळ, कारण तो जागेशी बांधलेला आहे. 'नाही, नदीतल्यासारखे आडोशाचे पाणी समुद्रात मिळणार नाही आणि पावसाळ्यात प्रवाशांच्या जिवाला धोका राहील' हाही जागेबद्दलच बोलतो, सबळ.

तिसरी पायरी: युक्तिवादातली गोष्ट खरी मानायची की नाही?

नवख्यांचा हा हमखास प्रश्न. नियम असा धरा: युक्तिवादात सांगितलेली गोष्ट उघडउघड, जगजाहीर चुकीची असेल तर युक्तिवाद दुबळा. सर्वसाधारण माणसाला शक्य वाटेल अशी असेल तर ती खरी धरून पुढे चला. आपल्याकडची खास माहिती बाहेरून आणून त्याला पाडू नका आणि तारूही नका. 'मला माहीत आहे, आमच्या गावात असे होत नाही' हे परीक्षेत चालत नाही. गावच्या बैठकीत तेच बोलणे उपयोगाचे असते, कारण तिथे तपासून पाहायची सोय असते.

भविष्याबद्दलच्या दाव्यांना मात्र थोडे जास्त दाबून बघा. 'वाहतूक वाढेल' हे शक्य आहे. 'गोवा नकाशावरून पुसला जाईल' हे शक्य नाही, मग बोलणाऱ्याची तळमळ कितीही खरी असो. कारण आणि परिणाम यांच्यात किती पायऱ्या आहेत त्या मोजा. एका पायरीवरचा परिणाम धरतो. चौथ्या-पाचव्या पायरीवरचा प्रलय धरत नाही.

चौथी पायरी: दुबळ्या युक्तिवादांची कुळे ओळखा

काही कुळे पटकन सांगून टाकतो. विधानच पुन्हा म्हणणारा ('होय, तसे करणे आवश्यक आहे'). रूढीवर टेकणारा ('नाही, पूर्वापार असेच चालत आले आहे'). दुसऱ्याकडे बोट दाखवणारा ('होय, सिंगापूरमध्ये असेच आहे'). या शेवटच्यात एक बारकावा आहे. तिथे तसे केल्याने काय झाले आणि ती परिस्थिती इथल्यासारखी का, हे युक्तिवादात दिले असेल तर त्याला वजन येते. नुसते नाव असेल तर नाही.

माणसावर घसरणारे कूळ आपल्याकडे फार फोफावले आहे. 'नाही, ही मागणी करणारे सगळे भायले (बाहेरचे) आहेत.' 'होय, विरोध करणाऱ्यांना बिल्डरांचा पैसा आहे.' मागणी कोणी केली यावरून मागणी योग्य की अयोग्य ते ठरत नाही. भायल्याने सांगितले तरी सांडपाणी नदीत सोडणे वाईटच, आणि अस्सल गोंयकाराने सांगितले म्हणून डोंगरकापणी चांगली होत नाही. परीक्षेत असा युक्तिवाद दिसला की डोळे मिटून दुबळा म्हणा.

व्याख्येचे कूळ जास्त फसवे, कारण ते शास्त्राचा अंगरखा घालून येते. २०१६ साली गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षांच्या व्याख्येतून वगळण्यात आले. त्या काळात ऐकू येणारा एक मुद्दा असा होता की माडाला फांद्या नसतात, वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो वृक्ष नव्हेच. आता विधान करा: 'माड तोडण्यासाठी परवानगीची अट काढावी का?' आणि त्यापुढे 'कारण' घालून हा मुद्दा वाचा. माडाला फांद्या नाहीत म्हणून तो तोडायला परवानगी नको? या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? वनस्पतिशास्त्राने वर्ग ठरतो. संरक्षण द्यावे की नाही हे माड गेल्याने काय जाते यावरून ठरते. याच विधानावर 'होय, म्हातारे, न धरणारे माड काढून नवे लावायला बागायतदाराला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात' हा सबळ आहे. 'नाही, अट गेली तर बांधकामासाठी अख्खी भाटे (माडांच्या बागा) साफ करणे सोपे होईल' हाही सबळ आहे. २०१७ मध्ये माड पुन्हा कायद्याच्या संरक्षणाखाली आला आणि राज्यवृक्षही झाला. शास्त्रीय व्याख्या मात्र तेव्हा जी होती तीच आजही आहे.

बहुमताचे कूळ थोडे वेगळे हाताळावे लागते. 'होय, बहुसंख्य लोकांना हे हवे आहे' हा परीक्षेत सहसा दुबळा धरतात. मराठी वाचकाला यावर गोव्यातला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल. मतदानाची चिन्हे फूल की दोन पाने, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. या ३४,०२१ मतांच्या फरकाने निर्णय कोणता करायचा ते ठरले, आणि ते योग्यच झाले, कारण लोकांना विचारायचे असेच ठरले होते. पण त्या आकड्याने कोणाचा युक्तिवाद सबळ होता हे ठरत नाही. 'मोठ्या राज्यात लहान प्रदेशाचे प्रश्न मागे पडतील' हा मुद्दा कौल उलटा लागला असता तरी तितकाच सबळ राहिला असता. 'शाळा, साहित्य, देवधर्म यांतून लोक मराठीशी जोडलेले आहेत, कारभारही त्या भाषेत झाला तर सामान्य माणसाला तो कळेल' हा मुद्दा हरलेल्या बाजूचा म्हणून दुबळा होत नाही. निर्णय मतांनी होतो, कारणांची पारख मतांनी होत नाही.

पाचवी पायरी: गैरवापराचा मुद्दा बंदीपर्यंत ओढू नका

ही पायरी मी वेगळी काढली, कारण बरीच पुस्तके तिला एका ओळीत उरकतात आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

विधान: 'गोव्यातला लोहखनिजाचा खाणव्यवसाय पूर्णपणे बंद करावा का?'

युक्तिवाद १: होय, काही खाणचालकांनी मंजूर हद्दीबाहेर जाऊन खनिज काढले.

युक्तिवाद २: होय, उघड्या खाणी भूजलाच्या पातळीखाली जातात, त्यामुळे गावांच्या विहिरी आटतात आणि टाकाऊ मातीच्या ढिगांनी पावसात शेते व ओहोळ बुजतात.

युक्तिवाद ३: नाही, खाणपट्ट्यात ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न एकदम थांबेल.

युक्तिवाद ४: नाही, खाणी पोर्तुगीज काळापासून आहेत.

चौथा रूढीचा, तो गेला. तिसरा सबळ. दुसरा सबळ, कारण त्यातले नुकसान खाणकामाच्या स्वरूपातूनच येते, कोणी नियम मोडला म्हणून नव्हे. पहिला मात्र नीट बघा. हद्दीबाहेर खणणे हा नियमभंग आहे. नियमभंगावर उपाय म्हणजे देखरेख, दंड, वसुली. त्यातून 'नियम पाळणाऱ्यांसकट सगळे बंद करा' हे निघत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे रस्ता बंद करा म्हणण्यासारखे ते होईल. म्हणून पहिला दुबळा, जरी त्यातली माहिती गंभीर असली तरी. माहिती गंभीर असणे आणि युक्तिवाद सबळ असणे यांत फरक आहे.

प्रत्यक्षात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खाणकामाला कायमची बंदी घातली नाही, तर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. म्हणजे एकीकडे किती काढावे याची मर्यादा आणि दुसरीकडे लीज कायद्याने दिली की नाही याची तपासणी. दोन्ही बाजूंची सबळ कारणे एकाच वेळी खरी असतात तेव्हा उत्तर बहुधा असे प्रमाणात आणि अटींत सापडते.

यातूनच परीक्षेसाठी एक गोष्ट पक्की करा: 'दोन्ही सबळ' हे अगदी योग्य उत्तर असू शकते. एक होय म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो, म्हणून त्यातला एक पाडलाच पाहिजे असे काही नाही. प्रत्येक युक्तिवाद एकटा विधानासमोर उभा करून तपासायचा. पर्यायांत 'एकतर १ किंवा २ सबळ' असे असते, ते जवळजवळ कधीच बरोबर नसते. दोघांना स्वतंत्र तपासल्यावर 'एकतर'ला जागाच उरत नाही.

सहावी पायरी: विरुद्ध बाजूचा सबळ मुद्दा सबळ म्हणा

इथे हात अडखळतो. अडखळणारच, कारण विषय म्हादईचा आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई जलतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्यासाठी. विधान: 'म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवू द्यावे का?'

'नाही, म्हादई आमची माय आहे.' सत्तरीत काय, साखळीत काय, हे वाक्य लोक मनापासून म्हणतात आणि मीही म्हणतो. त्याला घोषणा म्हणून मोल आहे. युक्तिवाद म्हणून ते दुबळे आहे, कारण पलीकडचा माणूसही मलप्रभेला तेच म्हणू शकतो.

'नाही, उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा प्रवाह घटला तर भरतीचे खारे पाणी नदीत आणखी वर चढेल आणि काठची शेती व पाणीपुरवठा धोक्यात येईल.' हा सबळ, आणि आपल्या बाजूने बोलायचे तर हाच बोलायला हवा.

'होय, हुबळी-धारवाडच्या लोकांना पिण्याचे पाणी कमी पडते.' हाही सबळ आहे. पिण्याच्या पाण्याची गरज ही कोणत्याही धोरणात सर्वांत वजनदार कारणांपैकी एक. त्याला दुबळा म्हटले की परीक्षेत गुण जातो, आणि परीक्षेबाहेर त्याहून जास्त जाते: तो मुद्दा दुबळा मानणारा त्याला उत्तर शोधतच नाही. सबळ म्हणून मान्य केला की लगेच पुढचे प्रश्न सुचतात. ती गरज किती पाण्याची आहे? ती दुसऱ्या स्रोतातून भागते का? वळवलेले पाणी पिण्यालाच जाईल की उसाला, याची हमी काय? गोव्याची बाजू भक्कम करणारे प्रश्न हेच आहेत.

सराव कसा करावा

एक वही घ्या. रोजच्या मराठी दैनिकातले वाचकपत्र किंवा अग्रलेख उघडा आणि त्यातले एकच धोरण 'करावे का?' अशा विधानात लिहा. लेखकाची कारणे एकेक करून खाली उतरवा, प्रत्येकापुढे स / दु लिहा आणि दुबळा असेल तर कूळ. मग लेखकाने न मांडलेला, त्याच्या विरुद्ध बाजूचा एक सबळ युक्तिवाद स्वतः लिहा. हे शेवटचे काम टाळू नका, खरी ताकद त्यातूनच येते.

रविवारी गावात ग्रामसभा असेल तर जा. मागे बसून वही उघडा. तिथे कोणी ओरडून बोलतो, कोणी हळू, कोणी कागद घेऊन येतो. आवाजाने तुमची नोंद बदलते का, ते स्वतःशीच तपासा. पंचायतीचे विषय लहान असतात, कचरा शेड कुठे, नव्या इमारतीला पाणी कुठून, आणि म्हणूनच तिथले कारण आणि परिणाम डोळ्यांना दिसतात.

परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटाच्या आत निकाली काढा. जास्त वेळ घालवू लागलात तर समजा की तुम्ही युक्तिवाद तपासत नाही, वाद घालता आहात.

सोडवून पाहा

विधान क: मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे दाबोळी प्रवासी विमानांसाठी बंद करावा का?
१. होय, दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथे नागरी उड्डाणे हवी तेवढी वाढवता येत नाहीत.
२. नाही, काणकोण, सांगे, केपे या भागांतल्या प्रवाशांना मोपा राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडतो आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतील.

विधान ख: गोव्यातल्या सर्व पर्यटक टॅक्सींना मीटर सक्तीचे करावे का?
१. होय, भाडे मीटरवर दिसले की प्रवासी आणि चालक यांच्यातली घासाघीस व फसवणुकीच्या तक्रारी कमी होतील.
२. नाही, टॅक्सीवाले आपल्याच गावचे कष्टाळू लोक आहेत.
३. नाही, परतीची फेरी रिकामी येते आणि तिचा खर्च मीटरच्या दरात धरलेला नसतो.

उत्तरे. क मध्ये फक्त २ सबळ. पहिला फसवा आहे: उड्डाणे वाढवता येत नाहीत यावरून फार तर वाढ मोपाला व्हावी असे निघते, चालू असलेली थांबवावीत असे निघत नाही. ख मध्ये १ सबळ. २ माणसांबद्दल बोलतो, मीटरबद्दल नाही. ३ बहुतेक जण सबळ धरतात, पण 'कारण' घालून वाचा: रिकाम्या फेरीचा खर्च धरला जात नाही, म्हणून मीटर नको? तो खर्च दरात धरा, एवढेच त्यातून निघते. मुद्दा न्याय्य आहे, फक्त तो दर कसे ठरवावेत या विधानाखालचा आहे. तिथे तो सबळ ठरेल.